समुद्रातल्या दिवसाची चाचणी फेरी

मिनिटरावांना निवृत्त होऊन पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत घरातली एकही गोष्ट उशिरा झाली नव्हती. याचा आनंद फक्त मिनिटरावांना होता.

मिनिटराव हे नाव त्यांना डेपोत मिळालं. एकतीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी बसगाड्यांची वेळापत्रकं केली. कुठली गाडी किती वाजून किती मिनिटांनी सुटेल, कुठे किती थांबेल, कुठल्या गाडीला कुठली गाडी मिळेल, हे सगळं एका लांबलचक टेबलावर तक्ते पसरून ठरवायचं काम. ड्रायव्हर मंडळी पाठीमागे त्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि समोर आले की पटकन स्टूल पुढे करायची. रिकामी फेरी त्यांना अजिबात खपत नसे. प्रवासी न घेता गाडी नुसतीच इकडून तिकडे गेली, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत आणि संध्याकाळपर्यंत तशाच राहत.

एका फेरीचा मात्र डेपोत वेगळा लौकिक होता. अकरा नंबरची पाच चाळीसची गाडी. लग्न झालं त्या वर्षी मिनिटरावांनी ती तक्त्यात घातली. ऑफिस साडेपाचला सुटे, गाडी पाच चाळीसला डेपोच्या फाटकातून निघे आणि पाच अठ्ठावन्नला त्यांच्या घराखालच्या थांब्यावर पोचे. ‘साहेबांनी बायकोसाठी बस सोडली’ असं लोक म्हणायचे आणि मिनिटराव नाही म्हणत नसत. नंतर नंतर तर नव्या माणसाला ही गोष्ट ते स्वतःच सांगायला लागले.

बायको म्हणजे बाई. त्या सकाळच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणे. त्या वर्षभर आधीच निवृत्त झाल्या होत्या. त्या वर्षात त्यांनी काय केलं, असं कोणी विचारलं तर त्यांना सांगता आलं नसतं, आणि तेच त्यांना फार आवडलं होतं. मग मिनिटराव निवृत्त झाले आणि आठवड्याच्या आत स्वयंपाकघराच्या दारामागे एक तक्ता लागला. सकाळचा चहा सहा वीस. भाजी बाजार सात पाच ते सात पन्नास. बाईंनी तो वाचला, ‘‘अक्षर छान आलंय,’’ म्हणाल्या आणि सहा वीसला चहा ठेवायला लागल्या.

लेकीने आणि जावयाने निवृत्तीची भेट म्हणून भूमध्य समुद्रातली बोटीची सहल द्यायचं ठरवलं. उन्हाळ्यातले आठ दिवस, निवांत, काही करायचं नाही. फोनवर लेक म्हणाली, ‘‘बाबा, दोन मार्ग आहेत. एक पश्चिमेचा, एक पूर्वेचा. पत्रकं पाठवलीयेत. तुम्ही आणि आई बसून ठरवा आणि तिथल्या सहलीच्या ऑफिसात जाऊन सांगा.’’

‘‘बसून ठरवा’’ यातलं ‘बसून’ मिनिटरावांनी ऐकलंच नाही. पत्रकं आली त्याच दिवशी त्यांनी जेवणाचं टेबल रिकामं करून घेतलं, पट्टी आणली, दोन रंगांच्या पेन्सिली टोकदार केल्या. पाच महिन्यांनी हाताला खरं काम मिळालं होतं.

दोन्ही बोटी रोमजवळच्या एकाच बंदरातून शनिवारी संध्याकाळी निघणार होत्या आणि पुढच्या शनिवारी सकाळी तिथेच परतणार होत्या. पश्चिमेची बोट रविवारी जेनोआ, सोमवारी मार्सेय, मंगळवारी बार्सिलोना, बुधवारी माल्योर्का, गुरुवारी पालेर्मो, शुक्रवारी नेपल्स. सहा दिवस, सहा बंदरं. मिनिटरावांना ते वाचताना समाधान वाटलं. कोणीतरी जीव लावून केलेलं काम होतं.

पूर्वेच्या बोटीचं पत्रक वाचताना त्यांची पेन्सिल थांबली. रविवारपुढे लिहिलं होतं, ‘समुद्रात’. सोमवारी सँतोरिनी, मंगळवारी अथेन्स. बुधवारी पुन्हा ‘समुद्रात’. गुरुवारी माल्टा. शुक्रवारी आणखी एकदा ‘समुद्रात’.

‘‘अगं, छपाईत काही राहिलंय का बघ,’’ त्यांनी हाक मारली.

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. ‘‘राहिलं कुठे? लिहिलंय की. समुद्रात.’’

‘‘समुद्रात म्हणजे कुठे?’’

‘‘समुद्रात म्हणजे समुद्रात. मला हीच बोट आवडली.’’

मिनिटराव हसले. त्यांनी समजावून सांगितलं. सहा दिवसांत तीन रिकाम्या फेऱ्या! डेपोत असा तक्ता कोणी आणला असता, तर त्याला त्यांनी पुन्हा शाळेत पाठवलं असतं. बाई म्हणाल्या, ‘‘तीस वर्षं मुलांना समुद्र काढायला शिकवला मी. कागदाच्या मधोमध एक निळी रेघ ओढा, म्हणायचे. एकदा बसून बघावा म्हणते.’’ मिनिटराव म्हणाले, ‘‘समुद्र काय, पश्चिमेच्या बोटीतूनही दिसेलच. येता-जाता.’’ मग त्यांनी तक्ता पूर्ण केला. प्रत्येक बंदराला उतरायची वेळ, बघायच्या जागा, चालायची अंतरं, बोटीवर परतायच्या आधी हातची वीस मिनिटं राखून. रविवारच्या जेनोआत अकरा जागा बसल्या.

तक्ता त्यांनी बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

‘‘ठरवलंत ना? मग झालं,’’ त्या म्हणाल्या.

मिनिटरावांनी याला होकार समजलं. अशा होकारांवर त्यांचा एकतीस वर्षांचा संसार सुरळीत चालला होता, निदान त्यांचा तरी तसा समज होता.

चार दिवसांनी ते सहलीच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे औषधांच्या दुकानाशेजारची एक लांबट खोली, भिंतीवर विमानांची चित्रं आणि टेबलामागे कानामागे पेन खोचलेली एक तरतरीत मुलगी. मिनिटरावांनी पत्रक पुढे केलं. ‘‘हा पश्चिमेचा मार्ग. दोन माणसं.’’

मुलीने वहीत पाहिलं. ‘‘पश्चिमेचा तुमचा एकट्याचा ना, काका? काकू परवा येऊन गेल्या. त्यांचा पूर्वेचा आहे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘त्यांनी विचारलं, नवरा एका बोटीवर आणि बायको दुसऱ्या, असं चालतं का. म्हटलं, न चालायला काय झालं? एकाच बंदरातून निघतात, अर्ध्या तासाच्या फरकाने. परततातही तशाच. त्या म्हणाल्या, मग छानच. जाताना विमानात बरोबर, येताना बरोबर.’’ मुलगी जरा थांबली. ‘‘तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला. भरू का फॉर्म?’’

‘‘आज नको,’’ मिनिटराव म्हणाले, ‘‘एक गोष्ट तपासायची राहिलीये.’’ आणि पत्रक न घेताच बाहेर पडले.

औषधांच्या दुकानाच्या पायरीवर ते बराच वेळ उभे राहिले. समोरून अकरा नंबरच्या दोन गाड्या गेल्या, त्यांनी दोन्ही सोडल्या. घरी चालत आले. रस्ताभर ते बाईंच्या व्यवस्थेत खोट शोधत होते. वेळा जुळत होत्या. कोणाला कोणासाठी थांबावं लागत नव्हतं. कोणाची गाडी चुकत नव्हती. असा निर्दोष तक्ता त्यांनी स्वतः आयुष्यात क्वचितच केला असेल.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही मार्ग एकाखाली एक लिहिले. डेपोतली सवय. दोन गाड्या कुठे एकमेकींना भेटतात, हे ते नेहमी आधी पाहत. कुठेतरी एखादं बंदर सामायिक असेल, एखादी दुपार, तासभर तरी. त्यांनी बोट फिरवत फिरवत खालपर्यंत आणलं. एकही नव्हतं. मंगळवारी तर बाई अथेन्सला आणि ते बार्सिलोनाला. सबंध आठवड्यातलं हे सगळ्यात मोठं अंतर, आणि ते कागदावर वीतभर दिसत होतं.

बाई बाजारातून आल्या. तक्त्यातली सकाळची सात पन्नासची वेळ केव्हाच टळून गेली होती. आज त्यांनी घाई केलेली दिसत नव्हती.

‘‘दोन बोटी?’’ मिनिटरावांनी विचारलं.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. ‘‘त्यात चूक काय आहे, सांगा.’’

‘‘चूक नाही.’’

‘‘मग?’’

मिनिटराव कागदाची घडी घालायला लागले. बाई खुर्चीवर टेकल्या. चिडलेल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘‘हे बघा, पाच महिने मी तुमच्या तक्त्यावर चालतेय. माझं काही म्हणणं नाही. पण आठ दिवस मला सुट्टी हवीये. तुम्हाला धावायचंय, तुम्ही धावा. मला बसायचंय. एका बोटीवर गेलो तर तुम्ही मला उठवणार, नाहीतर मी तुम्हाला बसवणार, आणि दोघंही तोंडं पाडून परत येणार. लेकीला काय सांगायचं? आलो बाई, बोटीवर भांडून?’’

‘‘मला बसता येतं,’’ मिनिटराव म्हणाले.

बाईंना हसू आवरेना. पुष्कळ दिवसांनी त्या इतक्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मिनिटराव मात्र गंभीर होते. त्यांना बाईंबरोबर जायचं होतं. कुठे जायचं, हा प्रश्न त्या दुपारी औषधांच्या दुकानाच्या पायरीवरच मागे पडला होता. पण ‘मला तुझ्याबरोबर यायचंय’ हे वाक्य त्यांच्या तोंडात बसेना. तसल्या वाक्यांची त्यांना सवय नव्हती. त्यांना जी भाषा येत होती, तिच्यात ते बोलले.

‘‘डेपोत नवा मार्ग कधी एकदम सुरू करत नाही. आधी चाचणी फेरी असते. आपण समुद्रातल्या दिवसाची चाचणी घेऊ. गॅलरीत दोन खुर्च्या टाकू. मी बसतो. जागचा हललो तर दोन बोटी. नाही हललो तर एक. तुझी.’’

‘‘किती वेळ?’’

‘‘चार ते सात.’’

‘‘तीनच तास? समुद्रातला दिवस चोवीस तासांचा असतो.’’

‘‘चाचणी फेरी कमी अंतराचीच असते,’’ मिनिटराव म्हणाले. बाई कबूल झाल्या. घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही आणि वेळेबद्दल एक अवाक्षर नाही, एवढ्या त्यांच्या अटी होत्या.

दिवस बुधवारचा धरला, कारण पत्रकात बुधवारी समुद्र होता. बरोबर चारला मिनिटरावांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि बाईंनी ते शिवणाच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली ठेवून दिलं. मग दोघं गॅलरीत बसली. दुसऱ्या मजल्यावरची अरुंद गॅलरी, दोन खुर्च्या टाकल्या की गुडघे कठड्याला लागायचे. मध्ये स्टुलावर पाण्याचा तांब्या.

पहिली काही मिनिटं बरी गेली. मग मिनिटरावांना कठड्याचा एक स्क्रू सैल झालेला दिसला. स्क्रू ड्रायव्हर आतल्या खणात होता, सहा पावलांवर. त्यांनी नजर काढून घेतली, तर ती कुंडीतल्या वाळक्या पानावर पडली. पानावरून समोरच्या शिंप्याच्या पाटीवर. पाटी एका बाजूला कललेली होती. सगळं जग त्यांना उठवायला टपून बसलं होतं. त्यांचा पाय हलायला लागला.

‘‘पाय,’’ बाई म्हणाल्या.

पाय थांबला. बाई स्वतः काहीच करत नव्हत्या. हात मांडीवर, नजर समोर. त्यांना ते जमत होतं, आणि कसं जमतं ते मिनिटराव चोरून बघत होते. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की बाईंच्या डाव्या कानामागचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. हे कधी झालं, त्यांना ठाऊक नव्हतं.

घड्याळ काढलं तरी खाली रस्ता होता आणि रस्त्यावर अकरा नंबर होता. त्यामुळे किती वाजले हे मिनिटरावांना कळायचं ते कळतच होतं. सव्वापाचची गाडी मात्र येईना. त्यांनी दातांवर दात धरले. गाडी आली, थांबली, गेली.

‘‘ती रोजच चार मिनिटं उशिरा येते,’’ बाई म्हणाल्या.

अट बाईंनीच मोडली होती, तेव्हा मिनिटरावांना तोंड उघडायला हरकत नव्हती. ‘‘शक्य नाही. शाळेपासून इथवर बारा मिनिटांचं अंतर आहे, मी स्वतः मोजून घातलंय.’’

‘‘शाळेजवळ पोरं चढतात तिच्यात. आधी तो जुना ड्रायव्हर होता, मिश्यावाला, तो भरून काढायचा. आताचा नाही काढत.’’

‘‘तुला कसं माहीत?’’

‘‘इथेच तर बसते मी. वह्या तपासायला बसायचे, ती सवय राहिली.’’

एवढ्या वर्षांत मिनिटरावांनी हजारो तक्ते केले, पण आपल्या घराखालच्या थांब्यावर गाडी खरी किती वाजता येते, हे बाईंना विचारायचं त्यांच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. उन्हाची तिरीप कठड्यावरून खाली उतरली. समोरच्या शिंप्याने दिवा लावला.

मग पाच अठ्ठावन्नची गाडी आली. त्यांची गाडी. वेळेवर आली, तसा मिनिटरावांचा चेहरा जरा उजळला. थांब्यावर ती थांबली, दार उघडलं. बाई खुर्चीत पुढे झाल्या, कठड्यावर हात ठेवून खाली वाकल्या. टोपली घेतलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले. त्यांच्यामागून कोणी नाही. दार बंद होऊन गाडी सुटेपर्यंत बाई बघत राहिल्या, मग मागे टेकल्या.

‘‘कोणी येणार होतं का?’’ मिनिटरावांनी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग वाट कुणाची बघत होतीस?’’

‘‘तुमची,’’ बाई म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीत नवरा बसलेला बघून त्यांचं त्यांनाच हसू आलं. ‘‘सवय हो. मान आपोआप वळते.’’

मिनिटरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘मी आलोय ना या गाडीने?’’

‘‘पहिले तीन महिने आलात. मग साहेब झालात. मग सात पाचची.’’ बाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं त्या सांगत होत्या. ‘‘पहिली पाच-सहा वर्षं वाट बघायचे. मग नुसतीच बघायला लागले. कोण उतरतं, कोण नाही. चांगला वेळ जातो.’’

मिनिटरावांकडे उत्तरं होती. साहेबांना लवकर निघता येत नाही. माणसं कमी होती. शाळा सुरू होताना तक्ते बदलावे लागतात, सणासुदीला बदलावे लागतात. सगळी खरी होती. त्यांनी त्यातलं एकही काढलं नाही. त्यांना लाज वाटली. ही गोष्ट ते लोकांना हसत हसत सांगत आले होते, निरोपाच्या भाषणातसुद्धा सांगितली होती, आणि टाळ्या पडल्या होत्या. उभ्या आयुष्यात ज्या रिकाम्या फेऱ्यांवर त्यांनी दात ठेवला, त्यातली सगळ्यात लांब त्यांनीच रोज सोडली होती, घराखालून, बायकोच्या डोळ्यांदेखत. बाईंनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून त्यांच्यापुढे धरलं आणि ते त्यांनी घेतलं.

पाय हलला नाही. स्क्रू सैल होता तो सैलच राहिला.

‘‘अगं,’’ मिनिटराव शेवटी म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. ‘‘चाचणीचं राहू दे. मी हललो, नाही हललो, ते सोड. मला तुझ्याबरोबर यायचंय. मी आलो तर चालेल का? तुझ्या बोटीवर?’’

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नात कुणी काही विचारलं नव्हतं, त्यानंतर मिनिटराव सांगत आले होते. कुठे राहायचं ते सांगितलं, कधी निघायचं ते सांगितलं. विचारलं असं हे पहिलंच.

‘‘तिथे गाड्या नाहीत हं बघायला,’’ त्या म्हणाल्या.

‘‘नसू देत.’’

‘‘तीन दिवस. नुसतं पाणी.’’

‘‘तू असशील ना?’’

‘‘सातपर्यंत बसा आधी,’’ बाई म्हणाल्या.

सात वाजले. ते दोघांनाही कळलं, कारण शिंप्याने दुकान बंद केलं. उठलं कोणीच नाही. शिवणाच्या डब्यात घड्याळ चालत होतं, ते चालत राहिलं. हवा जरा थंड झाली, तसा बाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि पाय कठड्याच्या खालच्या गजावर टेकवले. जरा वेळाने मिनिटरावांनीही टेकवले.

मग कोपऱ्यावरून सात पाचची गाडी वळली. याच गाडीने ते तीस वर्षं घरी आले होते. ती घराखाली येऊन थांबली, दार उघडल्याचा आवाज झाला, माणसं उतरली, कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. मिनिटराव बाईंकडे बघत होते. बाईंची मान वळली नाही. त्या समोर बघत होत्या, शिंप्याच्या बंद दुकानावरून पलीकडे, जिथे घरांच्या मधून आभाळाची एक पट्टी दिसत होती.

गाडी निघून गेली.

‘‘उद्या त्या मुलीला विचारा,’’ बाई म्हणाल्या, ‘‘खोलीला गॅलरी असते का. दोन खुर्च्या मावतील एवढी.’’